करडईच्या तेलाचा गुण बियाण्यात ठरतो

मराठवाड्यातील शेतकरी बंधूंस करडई नवीन नाही. रब्बी ज्वारीच्या कडेने तिच्या काटेरी ओळी पेरण्याची चाल जुनी आहे. त्यामुळे जनावरे पिकात शिरत नाहीत व घरापुरते तेलही मिळते. परंतु दोन शेतांतील करडई दिसण्यात सारखी असूनही तिच्या तेलात मोठा फरक असू शकतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

फरक कशामुळे पडतो?

नेहमीच्या करडईच्या तेलात शेकडा सुमारे ७५ भाग लिनोलिक आम्ल असते. हे आम्ल शरीरास आवश्यक असून शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. मात्र हवा व उष्णता यांमुळे ते लवकर बिघडते आणि तेल खवट होते. ऑलिक आम्लाचे तेल अधिक टिकते व तळणास योग्य ठरते.

दाणा भरताना झाड प्रथम ऑलिक आम्ल तयार करते. नंतर एक विकर त्याचे लिनोलिक आम्लात रूपांतर करते. हे विकर घडविणारे जनुक निकामी असल्यास ऑलिक आम्ल तसेच साठून राहते.

मूळ बियाणे भारतातील

असा गुण असलेली भारतीय मूळची करडई १९५७ साली शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदविली. भारतीय बियाण्यातील या गुणाचा उपयोग करून अमेरिकेत नोल्स यांनी १९६६ साली 'यूसी-१' हा वाण प्रसृत केला. पुढे ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेने जनुकाचे कार्य दाबून शेकडा ९० हून अधिक ऑलिक आम्लाची करडई तयार केली. तिच्या लागवडीस तेथे २०१८ साली परवानगी मिळाली. हे तेल मुख्यतः उद्योगधंद्यांसाठी आहे. भारतात या करडईच्या लागवडीस परवानगी नाही. असे बियाणे कोणी देऊ केल्यास घेऊ नये.

काय करावे?

नैसर्गिक ऑलिक गुण अप्रभावी आहे. मधमाशीने शेजारच्या साध्या करडईचे पराग आणल्यास त्याच हंगामातील दाण्याचे तेल पालटते. म्हणून,

१. अशा वाणाचे प्रमाणित बियाणेच घ्यावे व पिशवीवरील चिठ्ठी जपून ठेवावी.

२. साध्या करडईपासून ते दूर पेरावे.

३. मळणी, साठवण व विक्री वेगळी करावी. माल एकदा मिसळला की डोळ्यांनी निवडता येत नाही आणि जादा भावाची आशा संपते.

४. घरातील जुने वाण टाकून देऊ नयेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यांचे नमुने परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठातील करडई संशोधकांस दाखवावेत.

जो गुण परदेशाने आपल्या दाण्यांतून निवडून घेतला, तसा एखादा गुण आपल्या कणगीतही असू शकेल.