पफबॉल : माळावरचे पांढरे गोळे

पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात पाऊस लागून राहिला की माळावर आणि गुरं चरतात त्या पडीक रानात बुरशी उगवू लागते. आपण सगळ्यांनाच ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून मोकळे होतो! पण काहींना ना दांडा असतो ना छत्री, नुसता पांढरा गोळा. तोच पफबॉल.

नेहमीच्या अळंबीचे बीजाणू छत्रीखालच्या पडद्यांवर तयार होतात, पफबॉलचे मात्र गोळ्याच्या पोटात. कोवळा गर पांढराशुभ्र असतो. पुढे तो पिवळा, मग तपकिरी होतो आणि शेवटी त्याची भुकटी बनते. पिकलेल्या छोट्या पफबॉलवर पावसाचा टपोरा थेंब पडला की वरच्या भोकातून धुरासारखे बीजाणू उडतात. कॅल्व्हेशिया जायगँशिया या महाकाय जातीच्या एका गोळ्यात बुलर या शास्त्रज्ञाने अंदाजे ७ लाख कोटी बीजाणू मोजले. एवढे सगळे रुजले असते तर आपल्याला पाय ठेवायला जागा उरली नसती!

ही भुकटी पूर्वी जखमेचं रक्त थांबवायला वापरत. चिनी वैद्यकात तिला ‘माबो’ म्हणतात. स्कॉटलंडमधल्या स्कारा ब्रे या सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या वस्तीतही पफबॉल सापडले आहेत. युरोपात त्यांचा धूर देऊन मधमाश्या शांत करत. आपण मात्र ही भुकटी जखमेवर लावायची नाही, तिच्यासोबत माती आणि जंतूही जातात.

१९६० साली महाकाय पफबॉलमधून ‘कॅल्व्हासिन’ हा पदार्थ वेगळा केला गेला. उंदरांमधल्या गाठींवर त्याचा परिणाम दिसला, पण माणसासाठी औषध काही झालं नाही. असे शोध पुढे न्यायचे तर बुरशी जिवंत जपावी लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह त्यासाठीच आहे.

आता महत्त्वाचं. विषारी अमानिटाची कोवळी कळी बाहेरून हुबेहूब पफबॉलसारखी दिसते. उभी कापली तर आत छत्री-दांड्याची आकृती दिसते. स्क्लेरोडर्मा आतून जांभळट काळा, तोही विषारी. पण आत पांढरं दिसलं म्हणून लगेच कालवणात टाकायचं नाही, जाणकाराला दाखवल्याशिवाय तर नाहीच. पिकलेला गोळा तोंडाजवळ नेऊन फोडू नका. १९९४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बीजाणू ओढल्याने ८ मुलामुलींना फुप्फुसाचा आजार झाला होता.

उपक्रम : पफबॉल दिसला तर न तोडता जागा, तारीख, माती आणि आसपासची झाडं वहीत लिहा. आठवडाभर रोज रंग नोंदवा.