'आम्हीही इतिहास घडवला' : विस्मृत कार्यकर्त्या आणि मराठी वाङ्मयेतिहास

स. गं. मालशे यांनी १९७५ साली ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध संपादित करून पुन्हा प्रकाशात आणला. १८८२ मध्ये पुण्यात छापलेला हा ग्रंथ जवळजवळ नव्वद वर्षे अभ्यासकांच्या दृष्टिआड राहिला होता. त्याच्या पुनःप्राप्तीमुळे एकोणिसाव्या शतकातील स्त्रीप्रश्नाची चर्चा केवळ सुधारक पुरुषांनी चालविली, हा समज मोडला. विस्मृत लेखनाच्या शोधाचा हा आदर्श नमुना म्हणून पुढे मानला गेला : हरवलेला ग्रंथ सापडतो, त्याला प्रस्तावना जोडली जाते, तो अभ्यासक्रमात येतो आणि परंपरेतील एक रिकामी जागा भरून निघते.

तथापि ज्यांच्या नावावर ग्रंथच नाही अशा स्त्रियांच्या बाबतीत हा नमुना पुरा पडत नाही. सभेत बोलणाऱ्या, ठराव मांडणाऱ्या, शाळा काढणाऱ्या, सत्याग्रहात अटक करवून घेणाऱ्या स्त्रियांचे कर्तृत्व मुख्यतः उक्ती आणि कृती या रूपांत होते. ते शोधायचे कोठे, आणि सापडल्यावर मराठी वाङ्मयाच्या इतिहासाशी त्याचा संबंध काय, हे प्रश्न ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथाने उपस्थित केले. त्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासात अद्याप पुरेसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने या ग्रंथाचा विचार केला आहे.

१. विस्मरणाचे स्वरूप

आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग अज्ञात राहिला तो साधनांच्या अभावामुळे, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. शिवराम जानबा कांबळे यांच्या 'सोमवंशीय मित्र' या पत्राने (१९०८) मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध मोहीम चालविली आणि त्यात एका पूर्वाश्रमीच्या मुरळीचे पत्रही छापले गेले. पुढे 'बहिष्कृत भारत' (१९२७) आणि 'जनता' (१९३०) या पत्रांतून परिषदांचे वृत्तांत, वक्त्यांची नावे व ठराव प्रसिद्ध होत राहिले. म्हणजे पुष्कळसा पुरावा छापील स्वरूपात उपलब्ध होता. प्रश्न तो कोणी व कशासाठी वाचला याचा आहे.

महाराष्ट्रातील स्त्रीसुधारणेचा इतिहास बहुतांशी संस्थांच्या आधाराने लिहिला गेला. शाळा, आश्रम, सेवासदने, महिला परिषदा आणि त्यांची नियतकालिके ही त्याची साधने. विधवाविवाह, केशवपन, संमतिवय हे त्यातील मध्यवर्ती प्रश्न उच्चवर्णीय कुटुंबव्यवस्थेतून उद्भवलेले होते. याउलट दलित चळवळीचा इतिहास प्रामुख्याने बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राच्या सूत्रात ओवला गेला. चरित्रात नायकाच्या भाषणाला स्थान असते. समोरचा श्रोतृवर्ग 'हजारो स्त्रीपुरुष' एवढ्या शब्दांत आटोपतो. पहिल्या इतिहासात जात आली नाही आणि दुसऱ्यात स्त्रिया जमावाच्या रूपानेच आल्या. या दोन इतिहासांच्या मधल्या पट्टीत दलित स्त्री-कार्यकर्त्या हरवल्या.

हे विस्मरण केवळ इतिहासलेखनातले नव्हते. प्रत्यक्ष व्यवहारातही त्याचे मूळ होते. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८९२ साली जन्मलेल्या जाईबाईंनी नागपूर-कामठी मार्गावर ओझी वाहण्याची हमाली केली. एका मिशनरी बाईंच्या साहाय्याने त्या लिहावाचायला शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्याशाळा काढली. १९३७ च्या अखेरीस अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले, तेव्हा भोजनाच्या वेळी दलित स्त्रियांना वेगळे काढण्यात आले. त्याविरुद्ध दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली आणि स्वतःच्या स्वतंत्र संघटनेचा मार्ग धरला. 'भारतीय स्त्री' या सामान्यनामाखाली भरलेल्या परिषदेच्या पंगतीत ज्यांना जागा नव्हती, त्यांना त्या परिषदेच्या परंपरेवर आधारलेल्या इतिहासातही जागा मिळाली नाही, यात नवल नाही.

२. ग्रंथाची रचना व साधने

'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथाचे दोन घटक आहेत. पहिल्यात चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचा कालानुक्रमी आढावा येतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेप्रसंगी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण, २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, पुढील काळातील महिला परिषदा आणि धर्मांतर असा तो पट आहे. दुसऱ्या घटकात कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती व त्यांच्या आधारे रेखाटलेली जीवनवृत्ते आहेत.

या दोन घटकांमधील नाते हे ग्रंथाचे खरे संशोधनमूल्य होय. वृत्तपत्रातील वृत्तांत तारीख, स्थळ, ठराव आणि नाव देतो; परंतु सभेला जाण्यासाठी त्या स्त्रीने घरातले काम कोणावर सोपविले, मजुरी बुडाली तर काय केले, पतीने किंवा सासूने काय म्हटले, हे तो सांगत नाही. मुलाखत नेमके हेच सांगते. मात्र चाळीस-पन्नास वर्षांनंतरच्या स्मृतीत तारखा सरकतात, दोन सभा एक होतात, नंतरच्या काळातील जाणीव आधीच्या प्रसंगावर चढते. म्हणून कोणतेही एक साधन स्वयंपूर्ण मानता येत नाही. एकाने दुसऱ्याची तपासणी करणे आणि जेथे दोन्ही जुळत नाहीत तेथे ती विसंगती नोंदवून ठेवणे, ही पद्धत या विषयाच्या पुढील अभ्यासकांनाही टाळता येणार नाही.

नावांचा प्रश्न विशेष अवघड आहे. विवाहानंतर आडनाव, कधी पहिले नावही बदलते. वृत्तांतात एखादी स्त्री केवळ पतीच्या नावाने येते. 'अनेक भगिनींची भाषणे झाली' अशा वाक्यात तर ती नावासह नाहीशी होते. विस्मृत कार्यकर्तीचा शोध घेणाऱ्यास कुटुंबाकडे, वस्तीकडे आणि प्रत्यक्ष स्मरणाकडे वळावे लागते ते यामुळे. हे काम विद्यापीठीय संशोधकांऐवजी चळवळीशी आणि त्या वस्त्यांशी जवळचे नाते असलेल्या दोन लेखिकांनी केले, याला म्हणूनच अर्थ आहे.

३. नागपूरचे ठराव : १९४२

स्त्रियांचा सहभाग मान्य केला तरी त्यांना केवळ अनुयायी ठरविण्याची प्रवृत्ती उरतेच. ती तपासण्यासाठी २० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेचा विचार उपयुक्त ठरतो. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. वीस ते पंचवीस हजार स्त्रिया उपस्थित असल्याचे सांगितले जाते. बाबासाहेबांनी या परिषदेत समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो अशा आशयाचे विचार मांडले. पुढील काळात स्मरणात राहिले ते मुख्यतः हे भाषण. परिषदेचे ठराव मागे पडले.

ते ठराव पाहिले असता त्यांची व्याप्ती लक्षात येते. पतीपासून काडीमोड घेण्याचा हक्क कायद्याने मिळावा, बहुपत्नीकत्वाची चाल बंद व्हावी, गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका व रेल्वे येथे राबणाऱ्या स्त्रियांना पगारी रजा, अपघाताची भरपाई व निवृत्तिवेतन मिळावे, प्रातिनिधिक संस्थांत स्त्रियांसाठी जागा असाव्यात, अशा मागण्या त्यांत आहेत. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये संमत झाला. त्याच्या तेरा वर्षे आधी कष्टकरी स्त्रियांच्या परिषदेने घटस्फोट आणि एकपत्नीत्व यांची मागणी केली होती. विवाहाचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न एकाच यादीत येणे हे या परिषदेचे वैशिष्ट्य. हमाली केलेल्या जाईबाई चौधरी, गिरणी कामगार राधाबाई कांबळे अशा स्त्रियांनी नागपूरची चळवळ उभी केली होती. ठरावांच्या या स्वरूपाचे स्पष्टीकरण त्यांच्या जीवनानुभवात शोधावे लागते.

४. स्वकथनांची पूर्वपरंपरा

येथून मूळ प्रश्नाकडे वळता येते. दलित स्त्रियांची स्वकथने साधारणतः १९८० नंतर ग्रंथरूपाने आली : कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१), मुक्ता सर्वगौड यांचे 'मिटलेली कवाडे' (१९८३), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६), शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६), शांताबाई दाणी यांचे 'रात्रंदिन आम्हा' (१९९०). वाङ्मयेतिहासात यांची मांडणी प्रायः दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) पासूनच्या दलित आत्मकथनांचा पुढील टप्पा अशी केली जाते. प्रकाशनवर्षांचा क्रम पाहता ती स्वाभाविक वाटते. परंतु लेखिकांच्या जीवनक्रमाशी ती जुळत नाही. शांताबाई दाणी चाळीसच्या दशकापासून सभांतून बोलत होत्या. मुक्ता सर्वगौड यांचे कार्यकर्तेपणही त्यांच्या ग्रंथाच्या पुष्कळ आधीचे आहे. त्यांचे बोलणे सार्वजनिक झाले ते आधी व्यासपीठावर, नंतर पुस्तकात.

'आम्हीही इतिहास घडवला' मधील सामग्री जमेस धरली तर या स्वकथनांचे एक रचनावैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. त्यांतील काहींत निवेदन 'मी' कडून वारंवार 'आम्ही' कडे सरकते. 'जिणं आमुचं' मध्ये तर व्यक्तीची कहाणी वस्तीच्या, त्यातही वस्तीतील बायकांच्या कहाणीत मिसळून गेली आहे. आत्मचरित्राच्या रूढ कसोट्या लावणाऱ्या समीक्षेला यात व्यक्तिरेखेचा अपुरा विकास दिसू शकतो. सभेत उभे राहून 'आम्हा बायकांचे' गाऱ्हाणे मांडणाऱ्या वक्तीची ही वाणी आहे असे मानले, तर तीच गोष्ट परंपरेचा वारसा ठरते. 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४), 'उचल्या' (१९८७) ही शीर्षके व्यक्तीवर समाजाने मारलेला शिक्का दाखवितात. 'आमुचं', 'आम्हा', 'आम्हीही' ही पदे समूहाकडे बोट करतात. शांताबाई कांबळे यांच्या शीर्षकातील 'माज्या' हे पद या विधानाला मर्यादा घालते, हे लक्षात ठेवले पाहिजे. 'अंतःस्फोट' चा रोखही वेगळा आहे. म्हणून हा नियम न मानता अभ्यासाची एक दिशा मानणे युक्त होईल.

या दिशेने पुढे काही काम झाले आहे. शर्मिला रेगे यांनी २००६ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दलित स्त्रियांची स्वकथने व्यक्तिगत आत्मचरित्रे म्हणून न वाचता सामूहिक साक्षी म्हणून वाचली. 'आम्हीही इतिहास घडवला' चा वंदना सोनाळकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली आला. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनाकडेही या ग्रंथाच्या लेखिकेचे लेखन म्हणून पाहता येते : इतरांच्या स्मृती संकलित केल्यानंतर त्यांनी स्वतःची स्मृती लिहिली, हा क्रम अभ्यासण्याजोगा आहे.

५. समारोप

वरील विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, विस्मृत स्त्री-कार्यकर्त्यांची नावे जुन्या यादीच्या शेवटी जोडल्याने इतिहास पूर्ण होत नाही. ती यादी ज्या साधनांवरून आणि ज्या प्रश्नांभोवती तयार झाली, तेच तपासावे लागतात. दुसरी, भाषण, ठराव, पत्र व मुलाखत या प्रकारांना वाङ्मयेतिहासाच्या बाहेर ठेवल्यास दलित स्त्रियांचे लेखन आधाराशिवाय अचानक उगवल्यासारखे दिसते आणि त्याचे श्रेय दुसऱ्या प्रवाहाच्या प्रभावाला दिले जाते.

पदव्युत्तर स्तरावर दलित स्वकथने शिकविताना त्यांच्यासोबत १९४२ च्या नागपूर परिषदेचे ठराव आणि किमान एक मुलाखत वाचनासाठी ठेवणे शक्य आहे. जिल्ह्याजिल्ह्यातील महाविद्यालयांच्या परिसरात चळवळीत वावरलेल्या स्त्रियांच्या मुली आणि सुना आज वृद्धावस्थेत आहेत. त्यांच्याकडील छायाचित्रे, पत्रे आणि आठवणी यांची नोंद पुढील काही वर्षांत झाली नाही, तर वृत्तपत्रातील 'अनेक भगिनी' या शब्दांमागील नावे शोधण्याचा मार्ग कायमचा बंद होईल.