नगरसेवक ते खासदार: वाट वॉर्डातून जाते

'मुलगी राजकारणात जायचं म्हणते, काय करू?' हे विचारताना पालकांचा आवाज एकदम खाली येतो. पैसा, दमदाटी, उद्याची शाश्वती नाही, ही भीती खोटी नाही. पण या क्षेत्रात पायरी-पायरीने घडलेली माणसं आपल्याच राज्यात होऊन गेली आहेत. निर्णय घेण्यापूर्वी मृणाल गोरे यांची वाटचाल घरी सगळ्यांनी मिळून समजून घ्यावी.

मृणालताईंनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलं आणि त्या राष्ट्र सेवा दल व समाजवादी चळवळीच्या कामात उतरल्या. १९५८ मध्ये पती गेले, पदरी लहान मुलगी होती. १९६१ मध्ये गोरेगावातून त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या, १९७२ मध्ये आमदार झाल्या आणि १९७७ मध्ये उत्तर मुंबईच्या खासदार. महापालिकेपासून लोकसभेपर्यंत सोळा वर्षं लागली. त्याच निवडणुकीत लोकसभेवर गेलेल्या अहिल्या रांगणेकर याही मुंबईच्या नगरसेविका होत्या.

त्या सोळा वर्षांत मृणालताई काय शिकल्या, हे मला पदांच्या यादीपेक्षा मोलाचं वाटतं. गोरेगावात पाण्याचे हाल होते आणि मृणालताईंनी तो प्रश्न लावून धरला. रिकामे हंडे घेतलेल्या बायकांचा मोर्चा काढायला धैर्य लागतं. पण मोर्चा परतल्यावर खरं काम सुरू होतं. जलवाहिनी कुठून येते, दाब कुठे कमी पडतो, खर्चाची तरतूद कोणत्या शीर्षाखाली होते, स्थायी समितीत विषय कधी येतो, हे सारं माहीत असलेल्या नगरसेवकाला अधिकारी टोलवू शकत नाहीत. लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले ते या चिकाटीमुळे. पुढे महागाईविरोधी लाटणे मोर्चे आले, आणीबाणीत तुरुंगवासही आला. १९७७ मध्ये 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा मुंबईभर गाजली. नळाच्या प्रश्नावर कमावलेला विश्वास दिल्लीपर्यंत पुरला.

अनिश्चितताही इथेच दिसते. ती लोकसभा १९७९ मध्येच विसर्जित झाली. मृणालताई १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत आल्या आणि विरोधी पक्षनेत्याही झाल्या. खासदारकी गेल्यावर पुन्हा राज्यात काम करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. या क्षेत्रात टिकायचं तर ही वृत्ती लागतेच.

आता नियम. महाराष्ट्रात नगरसेवकपदासाठी किमान वय २१, विधानसभा व लोकसभेसाठी २५, विधान परिषद व राज्यसभेसाठी ३०. पदवीची अट नाही. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे मुलींना इथे प्रवेशाची मोठी संधी आहे. आरक्षण मात्र सोडतीने बदलतं. पाच वर्षं राबलेला वॉर्ड पुढच्या खेपेला हातातून जाऊ शकतो. राखीव जागेवर लढायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्राची तयारी खूप आधी करा. निवडणुका वेळेवर होतीलच असंही नाही. २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते.

म्हणूनच माझा आग्रह आहे की मुलाने किंवा मुलीने आधी पोटापाण्याचं साधन उभं करावं. वकिली, शिक्षकी, लेखापालाचं काम, शेती, काहीही चालेल. नगरसेवकाचं मानधन हे घरखर्चाचं साधन धरू नका. निवडणुकीसाठी घर वा शेत गहाण टाकायचं नाही, हे घरात आधीच ठरवा. कोणी 'तिकीट मिळवून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

विद्यार्थ्यांनी कॉलेजात असतानाच महापालिकेचा अर्थसंकल्प वाचायला घ्यावा आणि आपल्या वॉर्डासाठीची तरतूद शोधावी. मुंबईत १९२६ पासून असलेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेत नागरी प्रशासनाचे अभ्यासक्रम चालतात. पदवीनंतर दिल्लीत 'लॅम्प' फेलोशिप आहे. त्यात तरुण पदवीधर एका खासदारासोबत संसदीय कामाचं संशोधन करतात. आणि सुरुवातीला, एखाद्या मेहनती नगरसेवकाच्या कार्यालयात वर्षभर तक्रारींची नोंदवही सांभाळा. कोणती तक्रार कोणत्या खात्याकडे जाते आणि ती तिथे का अडते, हे वर्षाअखेरीस ज्याला तोंडपाठ असेल, त्याच्याशीच मग उमेदवारीबद्दल बोलू.