हौशी बिनतारी केंद्र : गावाच्या हाकेला दुसरी वाट

महापूर, भूकंप किंवा चक्रीवादळ यांसारखी आपत्ती कोसळते तेव्हा अन्न, औषध आणि निवारा यांच्याही आधी एका गोष्टीची गरज भासते. ती गोष्ट म्हणजे निरोप. कोठे काय घडले, किती माणसे अडकली आहेत, कोणता रस्ता खुला आहे आणि मदत कोणत्या दिशेने पाठवावी, हे कळल्याखेरीज शासनाची यंत्रणा कितीही सज्ज असली तरी ती नेमक्या ठिकाणी पोहोचू शकत नाही.

नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्याने याचा अनुभव अलीकडेच घेतला आहे. ऑगस्ट २०२५ च्या मध्यास या तालुक्यात सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस झाला. लेंडी नदीच्या पाणलोट क्षेत्रात उदगीरकडून आणि शेजारच्या कर्नाटकातूनही पाणी येऊन मिळाले, आणि रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावे पाण्याने वेढली गेली. बचावकार्यासाठी आपत्ती प्रतिसाद दलाबरोबरच लष्कराच्या पथकासही पाचारण करावे लागले. अशा प्रसंगी प्रत्येक गावातून येणारा अचूक निरोप किती मोलाचा असतो, हे तेथील सरपंचांना, तलाठ्यांना आणि शिक्षकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

निरोपाच्या अशा नेहमीच्या वाटा बंद झाल्या, तर दुसरी कोणती वाट उरते? या प्रश्नाचे एक उत्तर जगभर एका छंदाने दिले आहे. त्या छंदाचे नाव हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ.

छंदाचे स्वरूप

हौशी रेडिओ म्हणजे आकाशवाणी नव्हे, आणि सामुदायिक नभोवाणी केंद्रही नव्हे. नभोवाणी केंद्र एका ठिकाणाहून बोलते व हजारो श्रोते ऐकतात. हौशी केंद्रात बोलणे आणि ऐकणे दोन्ही असते. शासनाचा परवाना मिळालेली व्यक्ती स्वतःच्या यंत्रावरून दुसऱ्या परवानाधारकाशी संपर्क साधते, मग ती व्यक्ती शेजारच्या तालुक्यात असो वा दुसऱ्या खंडात. प्रत्येक केंद्रास स्वतंत्र संकेतनाम दिलेले असते. भारतातील अशी बहुतेक नावे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. संपर्क झाल्यावर त्याची पावती म्हणून एकमेकांस कार्ड पाठविण्याची जुनी रीत आहे, आणि संभाषणाचा शेवट ‘७३’ या अंकाने, म्हणजे शुभेच्छांनी होतो.

आपल्या देशात हा छंद शंभर वर्षांचा आहे. अमरेंद्र चंद्र गुप्तू यांना १९२१ मध्ये परवाना मिळाला, आणि ते देशातील पहिले हौशी चालक मानले जातात. स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी महू येथील सैनिकी सिग्नल विद्यालयात हौशी चालकांच्या अखिल भारतीय संस्थेचा आरंभ झाला. मुखेडकरांना तुलनेने जवळ असलेल्या हैदराबाद येथे १९८३ मध्ये राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था स्थापन झाली. ५ मे २००५ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ‘हॅमसॅट’ हा उपग्रह खास हौशी चालकांसाठी अवकाशात सोडला, आणि तो २०१४ पर्यंत कार्यरत होता.

छंद सेवा बनतो तेव्हा

मराठवाड्याला या छंदाचा परिचय दुःखाच्या प्रसंगी झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जनानंतरची ती पहाट होती. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे उद्ध्वस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळी खेड्यांत दूरध्वनीच विरळा होता. अशा वेळी जे हौशी चालक मदतीस धावून आले, त्यांनी भूकंपग्रस्त भागातील आपत्कालीन संदेशवहनास हातभार लावला. पुढे १९९९ चे ओडिशातील चक्रीवादळ आणि २००१ चा गुजरातमधील भूकंप यांतही हौशी चालकांनी हेच कार्य केले.

सर्वांत बोलका दाखला अंदमानचा आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी चालकांचे एक पथक पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. त्या बेटांवरून जगभरच्या हौशी मंडळींशी संपर्क साधावा, एवढाच त्यांचा हेतू होता. २६ डिसेंबर रोजी त्सुनामीने बेटांना तडाखा दिला आणि दूरध्वनी सेवा कोलमडली. छंदासाठी उभारलेले ते केंद्र तत्काळ संकटकालीन केंद्र बनले, आणि बेटांवरील लोकांची खुशाली मुख्य भूमीवरील आप्तांपर्यंत पोहोचू लागली.

या घटनेतून मिळणारा बोध महत्त्वाचा आहे. ते केंद्र आपत्तीसाठी उभारलेले नव्हते. ते आधीच चालू होते, म्हणून उपयोगी पडले. कपाटात कुलूपबंद ठेवलेले यंत्र पुराच्या दिवशी बाहेर काढले, तर त्याची बॅटरी उतरलेली असते आणि ते चालविणारी व्यक्ती बदलून गेलेली असते. ज्या यंत्रावर दर आठवड्याला कोणीतरी हौसेने बसते, तेच यंत्र ऐन वेळी साथ देते. संकटकाळची सिद्धता टिकवून धरण्याचे काम येथे आज्ञेपेक्षा आवड अधिक चांगले करते.

लहरींची वाट

भ्रमणध्वनी हा स्वतःच बिनतारी आहे, मग या वेगळ्या यंत्राची गरज काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. भ्रमणध्वनीचा निरोप थेट समोरच्या व्यक्तीकडे जात नाही. तो आधी जवळच्या मनोऱ्याकडे, तेथून केबलने किंवा लहरींद्वारे केंद्राकडे, आणि तेथून पुन्हा दुसऱ्या मनोऱ्याकडे जातो. या साखळीत वीज गेली, बॅटरी संपली, केबल तुटली किंवा सर्वांनी एकाच वेळी फोन लावले, तर एक कडी निखळताच सारा मार्ग बंद होतो. हौशी यंत्राला मधली साखळी लागत नाही. वाहनाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर ते चालते आणि ही बॅटरी सौर पट्टीवर भारता येते.

येथे दोन प्रकारच्या लहरी उपयोगी पडतात. पहिला प्रकार १४४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा. हातात मावणारे यंत्र त्यासाठी पुरते, परंतु या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. मुखेड-कंधार परिसरात बालाघाटच्या डोंगररांगा असल्याने टेकडीआड असलेल्या गावापर्यंत त्या पोहोचतीलच असे नाही. मात्र त्याच टेकडीच्या माथ्यावर पुनःप्रक्षेपक बसविला, तर अडचणीची ठरणारी उंचीच उपकारक ठरते.

दुसरा प्रकार सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावर आदळून पुन्हा पृथ्वीकडे परततात. दोन खांबांमध्ये ताणलेली सुमारे वीस मीटर लांबीची तांब्याची तार, मधोमध जोडणी केलेली, एवढे त्याचे एरियल. ही तार जमिनीपासून फार उंच नसली, तर लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि छत्रीप्रमाणे सभोवार उतरतात. त्यामुळे दिवसा मुखेडहून नांदेड, लातूर किंवा हैदराबादशी संपर्क साधण्यास डोंगर आडवा येत नाही.

निरोप देण्याचे शिक्षण

यंत्रापेक्षाही मोलाचे आहे ते निरोप देण्याचे वळण. ‘पाणी फार आले आहे, लवकर या’ या निरोपात कळकळ आहे, परंतु उपयोगी माहिती नाही. हौशी चालकास शिकविले जाते की निरोपात वेळ, ठिकाण, काय घडले, किती माणसे, त्यांत आजारी व बालके किती, कशाची गरज आहे आणि निरोप देणारा कोण, एवढ्या गोष्टी याच क्रमाने असाव्यात. ऐकणाऱ्याने तो लिहून घ्यावा आणि पुन्हा वाचून दाखवावा. वाचून दाखविल्याशिवाय निरोप पोहोचला असे मानायचे नाही.

मराठीतून बोलताना एक विशेष काळजी घ्यावी लागते. खरखरीत आवाजात ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांत गल्लत होणे सहज शक्य आहे. म्हणून संख्या अंकशः उच्चारावी : ‘सहा, नऊ’. त्याचप्रमाणे एकाच नावाच्या वाड्या आणि तांडे अनेक असतात, म्हणून स्थळ सांगताना तालुका आणि जवळचे मोठे गाव यांचा उल्लेख करावा. ही शिस्त ज्या विद्यार्थ्याच्या अंगी बाणेल, त्याला भूगोल, भाषा आणि विज्ञान हे तिन्ही विषय एकाच वेळी जिवंत वाटू लागतील.

परवाना आणि मर्यादा

परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, हे प्रारंभीच लक्षात ठेवले पाहिजे. बारा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. तीत रेडिओचे मूलतत्त्व व नियम या दोन विषयांचा समावेश असतो. मर्यादित श्रेणीसाठी एवढे पुरते. सर्वसाधारण श्रेणीसाठी मोर्स संकेतलिपीचीही चाचणी द्यावी लागते. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झालेला असल्याने अर्ज करण्यापूर्वी प्रचलित नियम विभागाकडून समजून घेणे इष्ट होय.

हौशी केंद्रावरून व्यापारी व्यवहार, गाण्यांचे प्रसारण किंवा गुप्त भाषेतील संभाषण करता येत नाही. येथील बोलणे कोणीही ऐकू शकतो, म्हणून खाजगी बाबींसाठी हे साधन योग्य नाही. ते पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेची जागाही घेत नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या हाताशी असलेली ती एक पूरक वाट आहे, आणि तिचे महत्त्व तेवढेच मानावे.

मंडळ कसे उभारावे

तालुक्याच्या ठिकाणी असे मंडळ उभारण्यासाठी मोठ्या इमारतीची गरज नसते. महाविद्यालयाच्या किंवा माध्यमिक शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेतील एक कोपरा, छतावर एरियलसाठी जागा आणि आठवड्यातील एक ठरलेली संध्याकाळ एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. प्रथम एका विज्ञान शिक्षकाने परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा. मान्यताप्राप्त शाळा, महाविद्यालये आणि मंडळे यांनाही केंद्राचा परवाना मिळू शकतो, मात्र केंद्राची जबाबदारी पात्र परवानाधारकाकडेच असावी लागते. इतर विद्यार्थ्यांनी त्याच्या देखरेखीखाली ऐकण्यापासून सुरुवात करावी, नोंदवही ठेवावी आणि साधे एरियल स्वतःच्या हातांनी बांधावे. विजेच्या तारांजवळ एरियल नेऊ नये आणि वादळी हवेत ते यंत्रापासून वेगळे करावे, हा पहिल्या दिवसाचा पाठ असावा.

ग्रामपंचायतींचा वाटा येथे सुरू होतो. नदीकाठच्या प्रत्येक गावाने दोन होतकरू तरुण किंवा तरुणी या मंडळाकडे पाठवाव्यात. परवाना मिळाल्यावर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सर्व गावांनी हजेरी द्यावी, आणि पावसाचे मान, नदीची पातळी, रस्त्याची स्थिती असे साधे निरोप पाठवावेत. पावसाळ्यापूर्वी तहसील कार्यालयाच्या सहकार्याने एक सराव घ्यावा. या सरावात भ्रमणध्वनी बंद ठेवून केवळ बिनतारी यंत्रावर एक तास काम चालवून पाहावे. कोणत्या गावाचा आवाज पोहोचत नाही हे त्या एका तासात कळेल, आणि ते पुराच्या रात्री कळण्यापेक्षा त्या दिवशी कळलेले बरे.

लेंडीकाठच्या गावांनी पाण्याचा वेग पाहिला आहे, आणि किल्लारीच्या पिढीने जमिनीचा हादरा अनुभवला आहे. पुढील संकट केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ते येईल तेव्हा गावात निरोप देऊ शकणारा एक तरी शिकलेला हात असावा, ही गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. आठवड्यातील एक संध्याकाळ एवढीच तिची किंमत आहे.