घरातील श्वान: लहान-मोठ्या जाती आणि गोचिडांचा प्रश्न

बेंगळुरूत सदनिकेत राहणारी कुटुंबे बहुधा पोमेरेनियन, शिह त्झू किंवा पग अशा लहान जाती निवडतात. शहराबाहेरच्या शेतघरांवर जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर वा मुधोळ हाउंड दिसतो. निवड करताना जागा, खाद्याचा खर्च आणि राखण यांचा विचार होतो. लहान जाती साधारणतः अधिक वर्षे जगतात, मोठ्यांना खाद्य व व्यायाम अधिक लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. गोचिडांचा विचार मात्र क्वचितच होतो.

श्वानावरील तपकिरी गोचीड (ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस) घरातच आयुष्यचक्र पूर्ण करू शकते. डिंभक, अर्भक आणि प्रौढ या तिन्ही अवस्था रक्त पितात व प्रत्येक वेळी गळून पडतात. रक्त पिऊन फुगलेली मादी भिंतीच्या फटीत शिरून हजारोंच्या संख्येत अंडी घालते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळुरूचे सौम्य हवामान तिला वर्षभर मानवते. तिची वाढ रोखील असा कडक हिवाळा येथे नाही.

श्वानाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ८५ मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ३ किलोच्या श्वानात जेमतेम २५० मिलिलिटर आणि २७ किलोच्या श्वानात २.३ लिटर. एका मादीने अर्धा मिलिलिटर रक्त घेतले असे धरले, तरी ५० माद्या २५ मिलिलिटर शोषतात. लहान श्वानाच्या रक्ताचा हा दहावा हिस्सा होय. मोठ्याच्या बाबतीत तो सुमारे एक टक्का भरतो. एर्लिकिओसिस व बबेसिओसिस या रोगांच्या बाबतीत मात्र मोठा आकार संरक्षण देत नाही. त्यांसाठी एक बाधित गोचीडही पुरेशी ठरू शकते.

आकाराइतकेच महत्त्व केसांना आहे. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हाउंड, म्हणजे महाराष्ट्रातील कारवानी, आखूड व गुळगुळीत केसांचा असल्याने त्याच्या अंगावरील गोचीड हाताला चटकन लागते. कान व पायांवर झालरीसारखे केस असलेल्या पश्मीत ती तितकी सहज सापडत नाही. शिह त्झू वा पोमेरेनियनच्या दाट केसांत ती अनेक दिवस दडून राहू शकते. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेखाली रोज बोटे फिरवून पाहण्याची तयारी नसलेल्या घराने लांब केसांची जात घेऊ नये, मग ती कितीही लहान असो.

खरा धोका औषधाच्या बाटलीत असतो. शेतघरात गाई-म्हशींसाठी आणलेले डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ 'थोडेसे' श्वानालाही लावले जाते. २७ किलोच्या श्वानाशी तुलना करता ३ किलोच्या श्वानाची त्वचा दर किलो वजनामागे सुमारे दुप्पट असते. त्यामुळे त्याच द्रावणाने अंग भिजवले तरी त्याच्या वाट्याला वजनाच्या मानाने दुप्पट औषध येते; शिवाय तो अंग चाटतो ते वेगळेच. अमिट्राझमुळे सुस्ती येते, हृदयाची गती मंदावते आणि शरीराचे तापमान घटते. चिवावा जातीला व चार महिन्यांखालील पिलांना ते लावू नये. पिकांवर फवारण्याच्या कीटकनाशकांतील द्रावकेही त्वचेला घातक असल्याने ती कोणत्याही श्वानावर वापरू नयेत. जनावरांचे आयव्हरमेक्टिन इंजेक्शन कोली व तिच्याशी संबंधित काही जातींत मेंदूवर परिणाम करून प्राणघातक ठरू शकते. तेथे आकाराचा नव्हे, अनुवंशाचा संबंध आहे.

फ्लुरालानर, अफोक्सोलानर यांसारख्या गोळ्या वजनगटानुसार मिळतात. खर्च वाचवण्यासाठी मोठ्या श्वानाची गोळी दोन लहान श्वानांत वाटणे योग्य नाही. झटके येणाऱ्या श्वानांच्या बाबतीत या गोळ्यांविषयी पशुवैद्यकाशी आधी बोलावे. मांजर असलेल्या घरात परमेथ्रिनयुक्त औषध टाळावे, कारण मांजरांना ते विषारी आहे.

गोचिडांची बहुसंख्य पिढी श्वानाच्या अंगाबाहेर असते, म्हणून केवळ श्वानावर उपचार करून त्या हटत नाहीत. फुगलेल्या माद्या वर चढतात. त्यामुळे खिडक्यांच्या चौकटी, छताजवळील भेगा आणि भिंतीवरील तसबिरींच्या मागेही पाहावे. भेगा बुजवाव्यात, अंथरूण गरम पाण्यात धुवावे. सापडलेली गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. नव्याने उबलेली डिंभके पुढेही बाहेर पडत राहतात, म्हणून ही तपासणी दोन-तीन महिने चालू ठेवावी लागते.