माझ्या नंबरवरून फोन गेला, पण मी केला नाही!

प्रश्न : गेल्या आठवड्यापासून मला अनोळखी लोकांचे रागावलेले फोन येत आहेत. ‘तुमचा मिस्ड कॉल होता’, ‘बँकेचं नाव सांगून फसवता, लाज नाही वाटत?’ असं काहीबाही बोलतात. मी यांतल्या कोणालाही फोन केलेला नाही. मोबाइल माझ्याच हातात असतो, सिमही त्यातच आहे. मग माझा नंबर दुसरं कोणी कसा वापरतं? सिम हॅक झालं का? नंबर बदलू का? आणि असं होत असेल, तर समोरून येणाऱ्या नंबरावर विश्वास तरी कसा ठेवायचा?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या नंबराचा तोतया फिरतो आहे, नंबर बहुधा तुमच्याकडेच शाबूत आहे. याची खात्री घरबसल्या होते. मोबाइल कंपनीच्या ॲपमध्ये किंवा तपशीलवार बिलात गेल्या आठवड्यात तुमच्याकडून गेलेले कॉल बघा. भांडायला आलेल्या मंडळींचे नंबर त्यात नसतील, तर ते फोन तुमच्या सिमवरून गेलेलेच नाहीत. (असतील तर मामला वेगळा. मग फोनमध्ये एखादं खोडसाळ ॲप शिरलं आहे का, ते जाणकाराकडून तपासून घ्या.) त्या यादीची प्रत जपून ठेवा. उद्या कोणी पोलिसांत तक्रार केलीच, तर तुमच्या बाजूने बोलणारा सगळ्यात भक्कम कागद तोच.

आता हे घडतं कसं ते पाहू. फोन लावताना दोन नंबर पुढे पाठवले जातात : कोणाला लावला तो आणि कोणी लावला तो. पाकिटावर दोन पत्ते असतात तसे. पाकीट पोचवायला पोस्टाला घेणाऱ्याचा पत्ता अचूक लागतो. पाठवणाऱ्याच्या जागी काय लिहिलंय, हे पोस्टमन तपासत बसत नाही. टेलिफोनच्या जाळ्यातही जिथे पोचायचं तो नंबर चुकला, तर फोन लागतच नाही. जिथून निघाला तो नंबर मात्र एक एक्स्चेंज दुसऱ्याला सांगतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी तो तुमच्या पडद्यावर उमटतो. वाटेत कोणी ‘पुरावा दाखव’ म्हणत नाही.

हा भाबडेपणा जुना आहे. एक्स्चेंजांनी आपापसांत बोलायची ‘एसएस ७’ नावाची पद्धत १९७० च्या दशकात घडली. तेव्हा टेलिफोन चालवणाऱ्या संस्था मोजक्या होत्या, बहुतेक देशांत सरकारीच, आणि त्या एकमेकींना ओळखत होत्या. जाळ्याच्या आतला माणूस खोटं बोलेल, हे कोणाच्या मनातही आलं नाही. पुढे खासगी कंपन्या आल्या, इंटरनेटवरून फोन सुरू झाले आणि आत शिरायच्या वाटा शेकड्यांनी वाढल्या.

तुमच्या-माझ्या साध्या सिमला ही लबाडी जमत नाही, हेही सांगायला हवं. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते. तिची पडताळणी करून मोबाइल कंपनी स्वतःच नंबर लावते; आपल्याला त्यात बोट घालता येत नाही. खोटा नंबर शिरतो तो मागच्या दारांनी. कचेऱ्यांना दिलेल्या एकत्रित लाइन, इंटरनेट कॉलिंगचे सर्व्हर, परदेशातून येणारे कॉल ही ती दारं. तिथे ‘माझा नंबर अमुक आहे’ असं पलीकडची यंत्रणा सांगते. ही सोय मुळात चांगल्या कामासाठी आहे. रुग्णालयात दोनशे लाइन असल्या, तरी कुठूनही फोन केला की रिसेप्शनचा एकच नंबर दिसावा, यात गैर काही नाही. भामट्याने त्याच रकान्यात तुमचा नंबर टाकला. बहुधा यंत्राने त्या रकान्यात लागोपाठ नंबर टाकताना तुमचा त्यात सापडला, एवढंच. तुमच्याशी त्याचं वैर असण्याचं कारण नाही.

परदेशातून येणाऱ्या तोतयांवर आपल्याकडे एक फार हुशार उपाय निघाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने एक मध्यवर्ती यंत्रणा सुरू केली. बाहेरून एखादा कॉल +९१ चा मोबाइल नंबर दाखवत आला, की ती त्या नंबराच्या कंपनीला विचारते : हे सिम या घडीला खरंच परदेशात रोमिंगवर आहे का? सिम कराडच्या मंडईत असेल, तर त्यावरून केलेला कॉल समुद्रापलीकडून येईलच कसा? असा कॉल तिथेच तोडला जातो. पहिल्या २४ तासांत सुमारे १.३५ कोटी कॉल अशा रीतीने ओळखले गेले, असं सरकारने तेव्हा जाहीर केलं होतं. मला हा उपाय आवडतो, कारण त्यात ‘नागरिकांनी जागरूक राहावे’ असा सल्ला नाही. ज्याचं काम त्याने ते केलं.

पण भामटेही काही हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. एक दार बंद झालं तेव्हा त्यांनी सिमबॉक्सचा वापर वाढवला. सिमबॉक्स म्हणजे एकाच वेळी पुष्कळ सिम घालता येतील असं यंत्र. ते भारतातल्या एखाद्या भाड्याच्या खोलीत ठेवायचं, परदेशातून इंटरनेटने आलेला आवाज त्यात सोडायचा, आणि तिथून तो देशी कॉल होऊन निघतो. इथे नंबर अगदी खरा असतो, सिम मात्र कोणा तिऱ्हाइताच्या कागदपत्रांवर काढलेलं. म्हणून फोन करणाऱ्याचं नाव पडद्यावर दाखवण्याच्या सरकारी योजनेकडूनही मी फार आशा ठेवत नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने तिची शिफारस फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. त्यात सिमच्या अर्जावरचं नाव दिसेल. अर्जच दुसऱ्याच्या नावाचा असेल, तर नाव खरं आणि माणूस खोटा! आपल्या फोनमधली नावांची यादी तर याहून भोळी. नंबर जुळला की ती निमूटपणे ‘ताई’ किंवा ‘बँक मॅनेजर’ दाखवते.

मग विश्वास कशावर ठेवायचा? पाकिटावरचे ते दोन पत्ते आठवा. लबाडी होते ती पाठवणाऱ्याच्या पत्त्यात. म्हणजे आलेल्या फोनचा नंबर खोटा असू शकतो. पण तोच नंबर तुम्ही स्वतः लावलात, तर फोन ज्याचा नंबर आहे त्याच्याकडेच जातो. तुम्हाला उलटे फोन आले ते म्हणूनच! त्या लोकांनी पडद्यावरचा नंबर लावला आणि तो इमानदारीने तुमच्याकडे वाजला. रागाच्या भरात का होईना, त्यांनी केलेली तपासणी बरोबर होती. तुम्हीही तेच करा. ‘बँकेतून बोलतोय’ असं कोणी म्हटलं, की फोन ठेवा आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला नंबर स्वतः लावा. मात्र इंटरनेटवर शोधून मिळालेला ‘कस्टमर केअर’ नंबर नको. तिथे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात.

बँकांनी व्यवहाराचे फोन १६०० ने आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. याचा उपयोग उलट बाजूने जास्त होतो. दहा आकडी साध्या मोबाइलवरून कोणी ‘तुमचं खातं बंद पडतंय’ म्हणाला, तर तो संशयितच. पण १६०० दिसलं म्हणून ओटीपी सांगून मोकळं व्हावं, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

आणखी एक चोरवाट बंद करून ठेवा. ‘नेटवर्क सुधारायचं आहे, एवढे आकडे दाबा’ असं सांगून भामटे तुमचे कॉल स्वतःच्या फोनकडे वळवून घेतात. मग फोनवरून सांगितला जाणारा ओटीपीही त्यांच्याच कानात. *#२१# लावून पाहिलं, की वळवलेले कॉल कळतात. ##००२# ने ते सगळे रद्द होतात.

एवढं करूनही शिकलेली, सावध माणसं फसतात, कारण नंबर हा फक्त उंबरठा असतो. आत गेल्यावर काम करते ती भीती. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली तरुण मुलं अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी बनून तिकडच्या लोकांना धमकावत होती : कर थकलाय, अटक होईल, सुटायचं तर गिफ्ट कार्डं विकत घ्या आणि त्यांचे क्रमांक वाचून दाखवा. आज तीच संहिता आपल्या ज्येष्ठांवर ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेच्या रूपात, उलटली आहे. गिफ्ट कार्डांऐवजी बँक खातं आणि प्राप्तिकर अधिकाऱ्याऐवजी सीबीआय किंवा मुंबई पोलिस. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही. ‘दोन तासांत तुमचा नंबर तोडतो’ असे फोनही ‘ट्राय’ करत नाही.

आता तुमच्यापुरतं. ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर ‘चक्षू’ नावाचा विभाग आहे. तिथे संशयास्पद कॉलची माहिती देता येते. तुम्हाला रागावलेल्यांनाही तेच करायला सांगा. फसवा फोन आला तो त्यांना, आणि तो नेमका कधी आला ती वेळही त्यांच्याकडे आहे. तो फोन जाळ्यात कोणत्या दाराने शिरला हे शोधायला ती वेळ उपयोगी पडते. तिथेच तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. एखादं अनोळखी निघालं तर ताबडतोब कळवा. सिमबॉक्सला सिम मिळतात ती अशीच. कोणाचे पैसे गेले असतील, तर त्यांनी क्षणाचाही वेळ न घालवता १९३० ला फोन करावा आणि बँकेलाही कळवावं. दूरसंचार ओळखीशी छेडछाड करणाऱ्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

नंबर बदलू नका. भामटे एक नंबर फार काळ वापरत नाहीत. तुमच्याकडे येणारे फोनही ओसरतील. उलट, सोडलेला नंबर निदान ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कोणाला देऊ शकते, आणि तो तुमच्या बँकेला, आधारला, गॅसच्या पुस्तकाला जोडलेला राहिला असेल, तर तुमचे ओटीपी त्या नव्या मालकाकडे जाऊ लागतील. तरीही बदलायचाच असेल, तर आधी या सगळ्या ठिकाणी नवा नंबर नोंदवा आणि जुना त्यानंतरच सोडा.