नवोदयच्या ऐंशी जागा आणि आपली लेकरं

ताईंनो, मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जाचा विषय संपला, सह्या-अंगठे झाले, आणि एक ताई उठता उठता म्हणाली, "माझ्या पोराचं नवोदय हुकलंच म्हणायचं." पोरगा हुशार. पहिली-दुसरी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत झाली. तिसरीला तिने गटातून कर्ज काढून त्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. फी झेपेना, म्हणून चौथीला परत गावात आणलं. आता पाचवीत फॉर्म भरताना कळलं की तो ग्रामीण कोट्यात धरला जाणार नाही. "राहतो वस्तीवर, बाप दुसऱ्याच्या शेतात, अन् पोरगं शहरी कसं झालं?" तिचा प्रश्न चुकीचा नव्हता, पण नियम तसाच आहे. म्हणून या महिन्याचा अभ्यास नवोदय प्रवेशावर.

जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावी ते बारावी. खेड्यातल्या हुशार मुलांना चांगलं शिक्षण मिळावं म्हणून १९८५-८६ मध्ये पहिल्या दोन शाळा निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं फुकट. नववीपासून दरमहा ६०० रुपये विकास निधी असतो. तो मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना माफ आहे.

सहावीला साधारण ८० जागा असतात. त्यातल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा ग्रामीण मुलांच्या. उरलेल्या २० शहराच्या, असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाही. त्या गुणांवर सगळ्यांना खुल्या आहेत, खेड्यातल्यांनाही. एक तृतीयांश जागा मुलींना. अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येप्रमाणे, ओबीसींना २७ टक्के. ओबीसीसाठी केंद्राची यादी धरतात, तेव्हा दाखला त्या नमुन्यातला लागतो.

काही जणी म्हणतात, परीक्षा सगळ्यांना एकच, मग कोटा कशाला? आपल्याच गटाकडे बघा. बचत सगळ्यांची सारखी, पण कर्ज देताना आपण चिठ्ठ्या टाकत नाही. जिच्या घरात दवाखाना आहे तिला आधी देतो. सारखं देणं आणि न्यायाने देणं यातला फरक आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

पण कोटा असला म्हणजे न्याय झाला असंही नाही. ग्रामीण म्हणजे कोण? तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेत झालेली असली पाहिजेत. मध्ये एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत नाव असलं तरी मूल शहरी धरतात. नियम शाळा बघतो, घरची परिस्थिती बघत नाही. म्हणून तालुक्याला राहणाऱ्या पगारदाराचं मूल खेड्यातल्या शाळेत नाव असेल तर ग्रामीण ठरतं, आणि आपल्या त्या ताईचा पोरगा शहरी. नियम वाईट हेतूने केलाय असं मी म्हणणार नाही. शहरातल्यांनी शेवटच्या वर्षी खेड्यात नाव घालू नये म्हणून तो कडक आहे. पण ज्यांना तो आधीपासून माहीत असतो, त्यांनाच त्याचा फायदा होतो.

परीक्षेचंही तेच. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. भाषेला २५, गणिताला २५, आणि मानसिक क्षमता चाचणीला तब्बल ५०. या चाचणीत सगळ्या आकृत्या: वेगळी आकृती ओळखा, पुढची कुठली येईल, अर्धी आकृती पुरी करा. शाळेच्या पुस्तकात हे फारसं नसतं. ज्याने पाच-पन्नास नमुने सोडवलेत त्याला ते सोपं जातं, आणि जो पहिल्यांदाच बघतो तो गोंधळतो. तो काही ढ नसतो! वर उत्तरपत्रिकेत पेनाने गोल रंगवायचे. क्लासवाली मुलं ते वर्षभर करतात, आपली मुलं थेट परीक्षेच्या हॉलमध्ये. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडायचा नाही, एवढं तरी मुलाला सांगून ठेवा. पेपर मराठीतून देता येतो. आणि संधी एकदाच. पाचवीला पुन्हा बसवून दुसऱ्यांदा परीक्षा देता येत नाही.

आता तोडीला जाणाऱ्या घरांचं. गेल्या दोन-तीन वर्षांत फॉर्म पावसाळ्यात निघाले, तेव्हा माणसं गावात असतात. परीक्षा मात्र डिसेंबर-जानेवारीत, कारखाना भरात असताना. फॉर्म भरलेलं लेकरू कोपीवर, आणि केंद्र इकडे दीडशे-दोनशे किलोमीटरवर. मुकादमाची उचल घेतलेली बाई खाडा करून कशी येणार? अशा मुलाला हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे ठेवायचं असेल तर ते दसऱ्याच्या आतच ठरवावं लागतं. ज्या गावात हंगामी वसतिगृह नाही, तिथे ते मागण्याचा ठराव ग्रामसंघाने ग्रामसभेत न्यायला हरकत नाही.

मुलींच्या बाबतीत अडचण घरातच असते. "दहा-अकरा वर्षांची पोर, एवढ्या लांब कशी ठेवू?" असं म्हणणाऱ्या आपणच. भीती खोटी नाही. पण न बघताच नाही म्हणण्यापेक्षा एकदा शाळा बघून या. दोन-तीन आया मिळून गेल्या तर गाडीभाडंही वाटून जातं.

फॉर्म ऑनलाइन असतो आणि त्याला सरकारी फी नाही. केंद्रवाला आपल्या कामाचे पैसे घेतो, तर ते आधी ठरवून घ्या. मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकाची सही, आणि मुख्याध्यापकांनी सही-शिक्का केलेलं प्रमाणपत्र लागतं. मूल ज्या जिल्ह्यात पाचवीला आहे आणि राहतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करायचा. तुमचं गाव नगरपंचायतीत गेलं असेल तर शाळा ग्रामीण धरतात का, हे मुख्याध्यापकांना आत्ताच विचारा.

येत्या बैठकीत प्रत्येक गटाच्या सचिवताईने वहीच्या मागच्या पानावर दुसरी ते पाचवीतल्या मुलांची नावं लिहून आणायची, कोण कुठल्या शाळेत आहे त्यासकट. दुसरीतली आधी. त्यांच्या आया तिसरीला शाळा बदलायचा विचार करत असतील, आणि त्यासाठी गटाकडे कर्ज मागणार असतील, तर मंजुरीआधी त्यांना हा नियम वाचून दाखवा. त्या ताईने हे सांगायला स्वतःहून होकार दिलाय. ती म्हणाली, माझ्या पोराचं गेलं, पण त्याच्या धाकट्या बहिणीचं नाव मी गावातून हलवणार नाही. पोरगी आता दुसरीत आहे.